वहिनीला सांगायची तालीम

गुरुवार, ५ मार्च

दादाला घेऊन रुग्णालयात गेलो. फाटकापासून मागच्या इमारतीतल्या व्यायामाच्या खोलीपर्यंतचा बोळ लांबलचक आहे. दादा मधूनमधून थांबायचा, भिंतीला हात टेकून श्वास गोळा करायचा. तो थांबला की मी भिंतीवरची पत्रकं वाचायचो. बालकांच्या लसीकरणाचं वेळापत्रक आता मला बऱ्यापैकी पाठ आहे. थोरला भाऊ धापा टाकतोय आणि पन्नाशी उलटलेला, बिनलग्नाचा धाकटा गोवराच्या लशीचा अभ्यास करतोय. आम्ही दोघं एकत्र आहोत हे येणाऱ्याजाणाऱ्यांना कळू नये, अशी माझी खटपट होती. लिहितानाही कान गरम झाले.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर ‘उपशामक सेवा’ असं लिहून दिलं आहे. उपशम म्हणजे शांत होणं; शब्दाची प्रकृती उत्तम आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तरी ती चिठ्ठी वहिनीला दिसू नये म्हणून मी चौघडी करून खिशात घातली. बाईंनी समजावलं होतं की हे शेवटचं वगैरे काही नाही, नेहमीच्या औषधांच्या जोडीनंच चालतं. धाप, झोप, भीती, घरातलं बोलणं, या सगळ्याची काळजी घेणारी माणसं यात असतात. मी मान डोलावली आणि चिठ्ठीला आणखी एक घडी घातली.

दर गुरुवारी दुपारी व्यायामाच्या खोलीत हृदय थकलेली काही माणसं जमतात. दादानं पाहताक्षणी नाव ठेवलं, ‘दमलेल्यांचा वर्ग’. वर्ग घेणारी समुपदेशक वयानं सगळ्यांत लहान, म्हणून सगळे तिला ताई म्हणतात. तिचा नियम एकच: इथलं बोलणं इथंच राहील, आणि सोबत आलेल्यांनी नुसतं ऐकायचं. मी वार्ताहर आहे हे दादानं आधीच सांगून ठेवलं असावं, कारण नियमाचा उत्तरार्ध संपल्यावर तिनं माझ्याकडे पाहून पूर्वार्ध पुन्हा म्हटला. मी शहाण्या विद्यार्थ्यासारखा ‘हो’ म्हणालो.

दादानं ओळख करून दिली. जन्मभर लिफ्टची दुरुस्ती केली, मोटर अजून चालू आहे पण भार घेत नाही. शिवाय छातीत कातडीखाली एक डबी बसवलीय, मोटर भलतीच फिरायला लागली की आतून विजेची लाथ मारते. लोक हसले. शेजारी एक निवृत्त बसचालक होता, भरघोस मिशांचा. तो म्हणाला, घरी कुणी वाट बघणारं नाही, त्यामुळे गोळ्या अगदी वेळेवर घेता येतात. त्यालाही लोक हसले. तो हसला नाही.

रविवार, ८ मार्च

जेवायला दादाकडे. मी समोरच्याच दारात राहतो, पण वहिनीनं हाक मारल्याशिवाय जायचं नाही असा माझा बाणा आहे, आणि हाक मारायला ती कधी विसरत नाही. सगळं जेवण अळणी. दादासाठी केलेलं सगळ्यांनी खायचं, असा तिचा कायदा. दादाचं पाणीसुद्धा मापून. सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं, पाय सुजले का ते अंगठ्यानं दाबून बघायचं.

दादा हात धुवायला गेला तेव्हा वहिनीनं हळूच सांगितलं, हे हल्ली बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीतच झोपतात. आडवं झालं की दम लागतो म्हणतात. उशा वाढवू म्हटलं तर नको म्हणतात. थंडीत डबीनं एकदा लाथ मारली, तेव्हापासून हे सुरू झालंय.

“भाऊजी, यांचा राग आहे का हो माझ्यावर?”

मी म्हणालो, तुमच्या घोरण्याला कंटाळला असेल. ती हसली. मग आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. नळाचा वॉशर गेलेला दिसतो. प्लंबरला सांगायला हवं.

गुरुवार, १२ मार्च

आज वर्गात जे झालं ते रंगमंचावर झालं असतं तर मी तिकीट काढून पाहिलं असतं.

ताई म्हणाली, घरी जे सांगायचंय आणि तोंडातून निघत नाही, ते आधी इथे कुणाला तरी सांगून बघा. दादानं हात वर केला. माझा दादा! शाळेत असताना प्रश्न कळला तरी हात वर न करणारा. समोर वहिनीच्या जागी कोण बसणार? बायका सगळ्या बाकाच्या पलीकडे, उठायला नाखूश. शेवटी बसचालक आपली खुर्ची सरकवून समोर बसला, मांडीवर हात ठेवून, मिशांसकट.

दादा म्हणाला, “हे बघ, डबीतली ती लाथ बंद करून घ्यायचं मी ठरवलंय. मोटर थांबायची तेव्हा थांबेल. पण त्या वेळी डबीनं मला झोडपत बसू नये. बंद केली म्हणून लगेच काही होत नाही, डॉक्टरांना विचारलंय.”

मग थांबून म्हणाला, “आणि मी खुर्चीत झोपतो ते तुझ्यावर रागावून नाही. त्या दिवशी लाथ बसली तेव्हा तुझा हात माझ्या छातीवर होता. तू ओरडलीस. पुन्हा तुला लागू नये म्हणून मी लांब झोपतो. ती बंद झाली की मला आत येऊन झोपता येईल.”

ताईनं सांगितलं की काका, हात लावणाऱ्याला त्यानं इजा होत नाही. दादा म्हणाला, ते तुमचं शास्त्र झालं. ती ओरडली ते मी ऐकलंय. हा खुर्चीचा भाग जरा लांबला. तालीम तिथं सैल पडली.

आता वहिनीनं, म्हणजे मिशीनं, उत्तर द्यायचं होतं. “मग मी काय करू?” असं आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणून तो गृहस्थ जो रडायला लागला तो थांबेना. खांदे हलतायत, रुमाल मिशीत अडकतोय. नवशिक्या नटांना किती थांबावं ते कळत नाही. मी ओठ चावून खिडकीबाहेर पाहत राहिलो. बाकी कुणी हसलं नाही. विनोदबुद्धी हे वरदान सगळ्यांना मिळत नाही, असं तेव्हा वाटलं. आता तेवढं वाटत नाही.

परतताना टॅक्सीत दादा खुशीत होता. वाक्य आता जिभेवर बसलंय म्हणाला. येत्या रविवारी वहिनीची बहीण यायची आहे, म्हणून त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी सांगणार. आठवड्यात तेवढ्याच वेळी ती बसलेली असते. डॉक्टरीणबाईंनी नऊ एप्रिलची वेळ दिली आहे, पण अट घातली आहे की आधी घरात बोला आणि दोघं मिळून या. “तू मध्ये तोंड घालू नकोस, शास्त्री,” म्हणाला. संस्कृत घेऊन शिकलो तेव्हापासून घरात माझं हेच नाव. मी वचन दिलं.

मंगळवार, १७ मार्च

संपादकांना रविवारच्या सदराचा मजकूर संध्याकाळपर्यंत हवा होता. डोक्यात काही नाही. म्हणजे एकच होतं: मांडीवर हात ठेवून बसलेली मिशीवाली बायको. टाळायला पाहिलं, नगरपालिकेच्या दिव्यांवर लिहायला घेतलं. दिव्यांखालीसुद्धा तीच येऊन बसली.

लिहून टाकलं. झरझर उतरलं. माणसं ओळखू येऊ नयेत याची काळजी घेतली आहे. लिफ्टवाल्याचा पंप मेकॅनिक केला, बसचालकाचा पहारेकरी केला. मिशी मात्र बदलता येईना, सगळा विनोद तिच्यावर उभा होता. रुग्णालय, गाव, नाव, काही नाही. शेवटी मजकूर जागेत बसेना म्हणून खुर्चीचा भाग काढला. नाही तरी त्यानं हसू मरत होतं.

ताईच्या नियमाचं काय? नियम माणसांविषयी आहे. माझ्या लेखात माणूस कुणीच नाही, नुसते धंदे आहेत. हा युक्तिवाद लिहून वाचला आणि न्यायशास्त्राच्या पहिल्या धड्यातले सगळे हेत्वाभास एका ओळीत भेटले. तरी मजकूर पाठवला. संपादक म्हणाले, हात अजून शाबूत आहे. मला बरं वाटलं. बरं वाटलं याचीच आता लाज वाटते आहे, पण लाज वाटली म्हणून मजकूर परत मागवला, असं काही झालं नाही.

रविवार, २२ मार्च

सकाळपासून फोन. मुद्रितशोधकसुद्धा हसला म्हणे.

दुपारी दादाकडे गेलो. रविवार असून दादानं दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. कुठे जायचंय का म्हणून मी विचारलं. नाही म्हणाला. मला तेव्हाही आठवलं नाही. खरोखर आठवलं नाही. ही सबब नव्हे, तक्रार आहे, माझी माझ्याविरुद्ध.

जेवणं झाली. वहिनी खाली मान घालून वाढत होती. आवरून ती टेकली तसा दादा घसा खाकरून म्हणाला, जरा बस, तुझ्याशी बोलायचंय.

“वाचलंय मी,” वहिनी म्हणाली.

तिनं घडी घातलेलं वर्तमानपत्र त्याच्या पुढ्यात ठेवलं. “पंप मेकॅनिक म्हणे. पंपाला लाथा कधीपासून मारायला लागली डबी? आणि मला सांगायच्या आधी त्या मिशीवाल्याला सांगितलंत. सोडून जायचं ठरलंय हे मला रविवारच्या अंकात कळावं?” एवढं बोलून ती आत गेली आणि दार लावलं. आपटलं नाही, लावलं.

दादाला वाचायला वेळ लागतो. ओठ हलवत तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेला. मी उभाच. लेखक समोर उभा आहे आणि वाचक एकदाही हसत नाही, ही शिक्षा शत्रूलाही होऊ नये. वाचून झाल्यावर त्यानं चष्मा काढला, पुसला.

“मिशीचं बरोबर उतरलंय,” म्हणाला.

सोमवार, २३ मार्च

माफी मागायला गेलो. रात्रभर जुळवाजुळव करून तोंडातून निघालं ते असं: “दादा, तो लेख जरा घाईत लिहिला गेला.” माफीतसुद्धा कर्मणी प्रयोग. कर्ता गायब.

तो रागावला असता तर सोपं होतं. आरामखुर्चीत बसून, मधे मधे श्वास घेत, एखाद्या मोटरीत काय बिघडलं ते सांगावं तसं त्यानं सांगितलं. ते वाक्य तो अंघोळ करताना म्हणायचा, गोळ्या घेताना म्हणायचा, वहिनी दळायला गेली की स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून म्हणायचा.

“आता मी काहीही बोललो तरी तिला वाटणार, लेखातलं बोलतोय. माझं वाक्य तू नेलंस, शास्त्री.”

मग म्हणाला, राहू दे ते बंद करण्याचं. डबी चालू राहू दे. तिला न सांगता मी डॉक्टरांकडे जाणार नाही, आणि सांगायची आता माझ्यात ताकद नाही. नऊ तारीख रद्द करून टाक. मी फोन हातात घेतला. लावला नाही. नंतर लावतो म्हणालो. जन्मात पहिल्यांदा आळशीपणा कामाचा ठरेल, अशी आशा आहे.

गुरुवार, २६ मार्च

दादा वर्गाला गेला नाही. मी एकटा गेलो. ताईनं मला दारातच गाठलं आणि दार मागे ओढून घेतलं. ती ओरडली नाही. मला वाटतं तिला ओरडायला शिकवलेलंच नाही. तिनं सांगितलं की लोक आले आहेत, पण आज मीठ आणि पायांची सूज याच्यापलीकडे कुणी बोलत नाही. बसचालक आलाच नाही. फोनवर ‘बरा आहे’ म्हणाला.

तुमच्या दादांना पाठवा, त्यांची जागा आहे, ती म्हणाली. तुम्ही मात्र यापुढे बाहेर बसा.

मी बसचालकाचा पत्ता मागितला. तिनं दिला नाही. अर्थात. मी तरी दिला असता का? मी दिला असता, छापून.

पत्ता दादानं दिला. “जा. पण माफी लिहून नेऊ नकोस. आणि वाचून दाखवू तर मुळीच नकोस.”

सोमवार, ३० मार्च

तळमजल्यावरची खोली, स्वच्छ. बसचालकानं मला पाणी दिलं. स्वतः घेतलं नाही, त्याचं दुपारचं माप होऊन गेलं होतं. कपाटावर बायकोचा फोटो. मी पाहतोय हे पाहून त्यानं सांगितलं, तिच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा यानंच दवाखान्यात नेलं. दाराशी उतरवलं, गाडी लावून येतो म्हणाला, आणि येईपर्यंत संपलं होतं. इतकी वर्षं गाडी चालवली, पण त्या दिवशी जागाच मिळेना लावायला. काही बोलणं झालं नाही.

मी माफी मागितली. या वेळी कर्त्यासकट.

तो संकोचला. नाही हो साहेब, चांगलं लिहिलंय तुम्ही, म्हणाला. शेजारच्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांना काय ठाऊक माझ्यावर आहे ते. सगळे हसले, मीही हसलो त्यांच्यात. वर्गाला परत या म्हणून मी गळ घातली. बघू, म्हणाला. मग पावसापाण्याचं, बसच्या नव्या गाड्यांचं, त्यांच्या गिअरचं. अत्यंत सभ्यपणे त्यानं मला दारापर्यंत आणलं.

दारात म्हणाला, “एक सांगू का साहेब? लेख वाचेपर्यंत मला वाटत होतं, मी खरंच रडलो होतो.”

पुढे लिहवत नाही.

शुक्रवार, ३ एप्रिल

वहिनी माझ्या घरी आली. ती कधी येत नाही. इथे बसायला जागा नसते, पुस्तकं असतात. एका खुर्चीवरचा कोश तिनं उचलून जमिनीवर ठेवला आणि बसली.

“लेखात आहे तेवढंच बोलले का हे? की तुम्ही काही गाळलंत?”

मी आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारत आलो. इतका नेमका प्रश्न मला कधी सुचला नाही.

उत्तर जिभेवर तयार होतं, दादाच्या शब्दांत, त्याच्या विरामांसकट. माझी स्मरणशक्ती चांगली आहे. घोकंपट्टीत गेलेल्या बालपणाची ती कमाई. सांगितलं असतं तर तिचा चेहरा तिथंच उजळला असता आणि तो मला पाहायला मिळाला असता. त्याचा मोहही झाला, हे नोंदवून ठेवतो.

“गाळलं,” मी म्हणालो. “एक गोष्ट. पण ती त्याच्याकडून ऐका. मी सांगितली तर तीही माझी होऊन जाईल.”

“वाईट आहे?”

“नाही.”

“मग का गाळलीत?”

“तिच्यात हसू येत नव्हतं.”

वहिनी लग्न होऊन या घरात आल्यापासून मला अहोजाहो करते, माझे टोमणे ऐकून घेते, मला गरम वाढते. आज म्हणाली, “भाऊजी, तुम्ही फार मूर्ख आहात हो.” अहोजाहो सोडलं नाही. जाताना कोश उचलून परत खुर्चीवर ठेवला.

सोमवार, ६ एप्रिल

वहिनीनं सकाळी दारातूनच सांगितलं, बाजारात जाताय तर दोन उशा आणा, जाडजूड, दबणार नाहीत अशा. आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली घालायला लाकडाचे ठोकळे मिळाले तर बघा. कशाला ते विचारलं नाही. सुतार गाठून ठोकळे करून घेतले. दादानं पलंग हलवून पाहिला, लिफ्टच्या कामाला नापास करावं तशा चेहऱ्यानं, आणि एका ठोकळ्याखाली पुठ्ठा सरकवला.

“नऊ तारीख रद्द केलीस का?”

“फोन लागला नाही,” मी म्हणालो.

“लावलास का?”

“नाही.”

“बरं केलंस.”

गुरुवार, ९ एप्रिल

दोघांना घेऊन रुग्णालयात. वहिनीनं दादाचा दंड धरला होता, मी पिशवी धरली होती. दादा थांबला की आम्हीही थांबायचो. कुठेही काही वाचायला लागलो नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी वहिनीला विचारलं, तुम्हाला सगळं नीट ठाऊक आहे ना? हो, म्हणाली. लाथ बंद झाली तरी डबीचं बाकीचं काम चालू राहील, औषधं चालू राहतील, पुन्हा कधीही चालू करून घेता येईल, असं बाईंनी सावकाश समजावलं. मग दादाला म्हणाल्या, का बंद करायचीय ते तुमच्या तोंडून ऐकायचंय मला.

दादानं तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं. बाहेर जा असं कुणी म्हणालं नाही. मी उठलो, पिशवी वहिनीच्या खुर्चीजवळ ठेवली आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं.

दार पातळ आहे. कान लावला असता तर सगळं ऐकू आलं असतं. दोन पावलं मागे झालो. दोनच. यात अभिमान धरण्यासारखं काही नाही.

ती दोघं बाहेर आली तेव्हा वहिनीचे डोळे लाल होते आणि दादा तिला काहीतरी सांगत होता, ज्यावर ती ‘पुरे आता’ म्हणाली. झालं का, मी विचारलं. दादा म्हणाला, छातीवर एक चकती धरली, यंत्रावर बोट दाबलं, संपलं. एवढ्याशा कामाला लिफ्टवाल्यानं बोलावल्याचे पैसेही घेतले नसते. आत आणखी काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही.

गुरुवारच होता. दादा म्हणाला, आलोच आहोत तर वर्गाला बसतो, हिलाही दाखवतो. व्यायामाच्या खोलीशी ताईनं वहिनीचा हात हातात घेतला, दोघांना आत नेलं. मी आधीच बाहेरच्या बाकावर बसलो होतो.

शेजारची जागा पिशवी ठेवून अडवून ठेवली. बोळात पावलं वाजली की बसचालक असेल म्हणून मान वर करायचो. परिचारिका, एक चाकाची खुर्ची, कुणाचा तरी डबा घेऊन आलेली मुलगी. आतून एकदा मोठा हशा ऐकू आला, दादाचा त्यात नक्की होता.

वर्ग सुटला. दार उघडून दादा सगळ्यांच्या आधी बाहेर आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाला, “नाही आला?”

“नाही,” मी म्हणालो.

दादा माझ्या शेजारी टेकला. पिशवी मांडीवर घेऊन आम्ही आणखी थोडा वेळ थांबलो.